जीनच्या आवारात गाडी मागे घेताना



सीतादही झाली, पहिली वेचाई घरात आली, की वऱ्हाडातल्या रस्त्यांचा रंग पालटतो. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकू लागतात. कापसाची गाडी ह्या वाटेने गेली का, हे मग कोणाला विचारावे लागत नाही. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, कारंजा, कोणत्याही गावच्या वेशीवर उभे राहा, हीच खूण. ह्या गाड्या जातात बाजाराच्या आवारात, नाहीतर जीनमध्ये. आज मला बोलावयाचे आहे ते त्या आवाराबद्दल. आणि त्यातही तेथे गाडी मागे घेतली जाते त्या दोन-चार मिनिटांबद्दल.

कापसाचा भाव सोडून हा कसला विषय काढला, असे कोणी म्हणेल. भावावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनी बोलावेच. मी अकोला जिल्ह्यातल्या एका जीनमध्ये भुईकाट्यावर तीस हंगाम काढले. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचे, रिकामी होऊन आली की पुन्हा वजन लिहायचे, एवढे माझे काम. काट्याच्या खिडकीतून सबंध आवार दिसते. त्यामुळे भावापेक्षा गाड्याच मी जास्त पाहिल्या.

आधी थोडा हिशोब करू. रुईची गाठ बांधतात ती १७० किलोची. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागला. दिवसाला शंभर गाठी काढणारे जीन धरले, तर तेथे रोज पाचशे क्विंटल कापूस आत आला पाहिजे. ट्रॉलीत पंचवीस क्विंटल धरले, तर वीस ट्रॉल्या झाल्या. शिवाय १७ टन गाठी बाहेर जायच्या, तीस टनांच्या वर सरकी बाहेर जायची. तिला मोठे ट्रक लागतात. आणि ही सारी ये-जा बहुतेक ठिकाणी एकाच फाटकातून, दिवस उगवल्यापासून रात्री नऊ-दहापर्यंत. बरे, प्रत्येक गाडी आवारात निदान एकदा तरी मागे घ्यावीच लागते. गंजीला पाठ लावल्याशिवाय कापूस उतरत नाही.

हे आवार मुळात ह्या गाड्यांसाठी आखलेलेच नव्हते. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला जाऊ लागला. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव घेतात. १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. त्या काळात आवारात येत होती ती बंडी. बंडी वळवायला जागा ती किती लागणार? धुरकरी खाली उतरून बैलाच्या तोंडाशी उभा राहिला, की तो आपल्या अंगणाएवढ्या जागेत ती फिरवून घेतो. पुढे ट्रक आले, ट्रॅक्टर आले, दहा चाकांच्या गाड्या आल्या. पण फाटक, भिंती आणि वळणे अनेक जुन्या आवारांत बंडीच्याच मापाची राहिली. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा संकलन केंद्राबाहेर लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना बंडी, ट्रॅक्टर आणि ट्रक एकमेकांत कसे अडकून बसत हे सांगायला नको.

आवारे जुनी राहिली, तशा आपल्या सवयीही जुन्याच राहिल्या. माझा मुद्दा खरा हा आहे.

एका हंगामातली गोष्ट सांगतो. जानेवारीचा महिना, थंडी कडाक्याची. एक कास्तकार, वय साठीच्या आसपास, भाड्याच्या ट्रकमधून कापूस घेऊन संध्याकाळी आला. त्याचा नंबर सकाळचा होता. रात्री भाकर खाऊन, घोंगडी पांघरून तो त्याच ट्रकच्या मागच्या चाकाला टेकून झोपला. वारा अडतो, दंव लागत नाही, मालावर लक्षही राहते. सकाळी पाच-साडेपाचला काटा सुरू झाला. मी नंबर पुकारला. ड्रायव्हर पुढे झोपला होता तो उठला, त्याने दोन्ही आरशांत पाहिले, गाडी चालू केली. समोर दुसरी ट्रॉली होती, म्हणून हातभर मागे घेऊन मग तो वळवणार होता. हातभरच. क्लीनर फाळक्याजवळून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता. तो डाव्या बाजूला, माणूस उजव्या बाजूला.

माणूस वाचला, पाय गेला.

अपघाताची नोंद माझ्याच हातची आहे. कारणाच्या रकान्यात मी लिहिले, "ड्रायव्हरचे दुर्लक्ष." चार शब्द लिहायला जागा होती, तेथे दोनच लिहिले आणि सही करून मोकळा झालो. महिन्याभराने मी त्या कास्तकाराला भेटायला त्याच्या गावी गेलो. तो खाटेवर बसला होता. मला म्हणाला, "साहेब, म्या त जनमभर बंडीखालीच झोपलो. बंडी कधी आंगावर चालून आली नाही."

हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवीत होतो. त्यात चूक कोठे आहे? बैल सोडून दावणीला बांधले, की बंडी जागची हलत नाही. ती हलवायची तर आधी बैल आणावे लागतात, जू त्यांच्या मानेवर द्यावे लागते, एवढ्या खटपटीत खाली झोपलेला माणूस जागा होतोच. आणि समजा नाही झाला, तरी बैलाला डोळे आहेत, कान आहेत. ज्याला आपण पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालतो तो बैल माणसावर पाय टाकायला सहसा तयार होत नाही. अडतो, फुरफुरतो, धुरकऱ्याला कळते. म्हणजे गाडीखाली झोपणे ही त्या माणसाची बेफिकिरी नव्हती. शंभर वर्षे खरी ठरलेली समजूत होती ती. फक्त ट्रकला ती लागू पडत नाही. ट्रक एका चावीने जागा होतो, आणि त्याला मागे डोळे नसतात.

आता ड्रायव्हरकडून पाहा. आरसा गाडीची बाजू दाखवितो; गाडीच्या बरोबर पाठीमागे काय आहे ते तो दाखवीत नाही. ते दाखविणे त्याला शक्यच नाही, कारण मध्ये सबंध डाला उभा आहे, त्यावर कापूस, त्यावर ताडपत्री. चाकाशी वाकलेला माणूस, खाली सांडलेला कापूस वेचणारी बाई, चेंडूमागे धावलेले पोर, ही आरशात येत नाहीत. ड्रायव्हर कितीही डोळस असो. काही नव्या गाड्यांना मागे कॅमेरा असतो, मागे घेताना वाजणारा भोंगा असतो. चांगलीच गोष्ट आहे. पण कापसाच्या आवारात कॅमेऱ्याच्या काचेवर तासाभरात धूळ आणि तंतू बसतात, आणि आवारात दिवसभर पाच भोंगे वाजू लागले, की सहाव्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही.

"पण गाडी तर माणसाच्या चालीने मागे येते, ओरडले की थांबते," असे कोणी म्हणतो. माणसाची चाल म्हणजे तासाला पाच किलोमीटर. सेकंदाला किती झाले? जवळजवळ १.४ मीटर, साडेचार फूट. ओरडणे ड्रायव्हरच्या कानी जाऊन, मनात उतरून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तोवर चाक पाच-सहा फूट आलेले असते. आणि हे तो ओरडणे ऐकतो असे धरून. रेचे चालू असले, प्रेस चालू असली, आणि केबिनमध्ये गाणे लावलेले असले, तर ऐकणार कोण?

तेव्हा काय करावे? उपाय आपल्या डोळ्यांसमोर रोज असतो. एस.टी.च्या कोणत्याही स्टँडवर जा. बस मागे घ्यायची असली, की कंडक्टर खाली उतरतो, मागे एका बाजूला उभा राहतो आणि शिटी वाजवितो. ड्रायव्हर त्या शिटीवर गाडी घेतो. भोवती शंभर माणसे असतात, दहा जण हात करीत असतात. तो त्यांचे ऐकत नाही. आवारात हेच करावयाचे आहे. गाडी मागे घेताना एकच माणूस इशारा देईल. तो ड्रायव्हरच्या बाजूला, गाडीपासून आठ-दहा पावले दूर, आरशात दिसेल असा उभा राहील. गाडी आणि भिंत, किंवा गाडी आणि गंजी, ह्यांच्या मधोमध तो कधीही उभा राहणार नाही. इशारा हाताने, कारण आवाजाचा भरवसा नाही. आणि तो माणूस आरशातून दिसेनासा झाला, की ड्रायव्हरने त्याच क्षणी गाडी थांबवावी. दिसत नाही म्हणजे कोठेतरी गेला असेल, असे म्हणू नये. तो चाकाखाली नाही हे ठरेपर्यंत तो चाकाखाली आहे असेच समजावे.

आमच्या आवारात त्या हंगामानंतर मुकादमाने एक नियम घातला: "ये" म्हणायचा हक्क एकाचा, "थांब" म्हणायचा हक्क सर्वांचा. चहा देणाऱ्या पोराने "थांब" म्हटले, तरी गाडी थांबलीच पाहिजे. मग ते पोर चुकलेले का असेना. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर लोकांनी कुरकुर केली. नंतर सवय झाली. दुसरा नियम झोपण्याचा केला. रात्र काढणाऱ्यांसाठी फाटकाजवळच्या छपराखाली जागा झाडून दिली, पाण्याचा रांजण ठेवला आणि तेथून गाड्या दिसतील असा एक दिवा लावला. गाडीखाली झोपू नका असे नुसते सांगून चालत नाही. माल सोडून माणूस जाणार कोठे? माल दिसेल अशी दुसरी जागा दिली, तर तो जातो. गाडी चालू करण्याआधी ड्रायव्हरने खाली उतरून गाडीभोवती एक फेरी घालावयाची, चाकापाशी वाकून पाहावयाचे, हा तिसरा. एका फेरीला अर्धे मिनिट लागते. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

आता ट्रॅक्टर-ट्रॉलीचे थोडे निराळे आहे, आणि गावातल्या श्रोत्यांनी हे जरा कान देऊन ऐकावे, कारण ट्रक भाड्याचा असला तरी ट्रॅक्टर घरचा असतो. ट्रॉली जोडताना काय होते? ट्रॅक्टर मागे येतो, आणि एक जण हातात पिन घेऊन ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मध्ये उभा राहतो, दांडी उचलून धरतो. ही पुन्हा बंडीचीच सवय. जू उचलून धरायचे आणि बैल मागे सरकवून त्याखाली आणायचा. बैलाची मागची पावले हलकी असतात. ट्रॅक्टरचा क्लच एकदा निसटला, की मधल्या माणसाच्या छातीला जागा उरत नाही. म्हणून दांडीखाली टेकू लावून ती आधीच उंचीला आणून ठेवावी. ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. ट्रॅक्टर पुरता थांबला, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, म्हणजे मग पिन घेऊन आत जावे. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर भरलेली ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. आणि मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवावे त्याच्या उलट बाजूला ट्रॉलीची शेपटी जाते. नवशिक्या पोराला भरल्या आवारात हे शिकवू नये. रिकाम्या शेतात, रिकाम्या ट्रॉलीवर शिकवावे. मडगार्डवर बसून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांबद्दल मी बोलू लागलो, तर वेळ पुरणार नाही.

ट्रकवाल्यांसाठी दोन गोष्टी. हवेच्या ब्रेकची गाडी रात्रभर उभी राहिली, की टाकीतली हवा उतरलेली असू शकते. इंजिन चालू करून काट्यावर हवेचा दाब पुरा दिसेपर्यंत गाडी हलवू नये. "नंबर आला, नंबर आला" म्हणून काट्यावरचा बाबू ओरडत असला तरी. हे मी, काट्यावरचाच बाबू, सांगतो आहे. दुसरी गोष्ट फाळक्याची. प्रवासात माल सरकून फाळक्यावर रेललेला असतो. साखळी काढणाऱ्याने समोर उभे राहू नये, बाजूला राहून काढावी. गाठींच्या गाडीला तर हे दुप्पट लागू आहे. १७० किलोची गाठ खाली आली, तर हाताने अडविता येत नाही, आणि अडवायला जाणारे हमाल मी पाहिले आहेत. आगीचा विषय, गरम सायलेन्सर, विडी, कापसातला खडा आणि त्याची ठिणगी, मी मुद्दामच सोडतो आहे. त्याला वेगळे भाषण पाहिजे.

मालकांना आणि बाजार समितीच्या मंडळींना एक सांगणे आहे. कायद्याचा अंमल रेच्यांच्या खोलीच्या दारापासून सुरू होतो, आवार म्हणजे मोकळी जागा, असे मानणारे मालक मी पाहिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्याच्या व्याख्येतच आवार धरलेले होते. आत येण्याचे फाटक एक आणि जाण्याचे दुसरे, असे करता आले, आणि गाडीला गंजीभोवती फेरी घालून पुढच्या तोंडाने निघता आले, तर निम्म्या गाड्या मागे घ्याव्याच लागणार नाहीत. सगळ्या उपायांत हा सर्वांत चांगला. एक भिंत पाडायला लागणारा खर्च मी कागदावर मांडून दाखविला होता. तो मान्य व्हायला चार हंगाम लागले.

घाईबद्दलही बोलले पाहिजे. ट्रकवाल्याला भाडे खेपेवर, हमालाला पैसे उतरवलेल्या मालावर, कास्तकाराला संध्याकाळच्या आत गावी परतायचे. ह्या तिघांपैकी कोणालाही थांबणे परवडत नाही. अशा ठिकाणी "सावकाश या" अशी पाटी लावून सगळा भार ड्रायव्हरवर टाकणे मला पटत नाही. इशारा देणाऱ्या माणसाला त्या कामाचा वेगळा रोज मिळाला पाहिजे; नाहीतर तो चार पोती उचलायला जाईल आणि गाडी "येऊ दे"वर येईल. ड्रायव्हरचे दुर्लक्ष असे मी लिहिले, त्या दिवशी आवारात इशाऱ्याला नेमलेला माणूस नव्हता, झोपायला जागा नव्हती, दुसरे फाटक नव्हते आणि नंबर मीच पुकारला होता. हे सगळे त्या रकान्यात मावले नसते, हे खरे. पण मी समासात तरी लिहायला पाहिजे होते.

तो कास्तकार पुढे दर हंगामाला येत असे. कापूस मुलगा आणी, हा कुबडी घेऊन माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर बसे. ट्रॉली मागे येताना दिसली, की कोणी मागे असो नसो, मोठ्याने "थांब" म्हणे. गाड्या थांबत.

आता शेवटी शाळेतल्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठी. आपल्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीच्या सुटीत ट्रॉलीवर बसून जीनला जाणार आहेत. त्यांच्यासाठी एक तास काढा. गावातला एखादा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट शाळेच्या मैदानावर आणवा. तो उभा राहिला, इंजिन बंद झाले, चाकांना ठोकळे लागले, की चावी तुमच्या स्वतःच्या खिशात ठेवा. ही अट सोडू नका. ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या जागेवर बसू द्या. मग एका मुलाला ट्रॉलीच्या मागे उभे करा आणि एकेक पाऊल मागे सरकायला सांगा. ट्रॅक्टरवाला "दिसला" म्हणेल तेथे चुन्याच्या फक्कीने खूण करा. मग उजवीकडून, मग डावीकडून, मग वाकून, मग बसून. मुले उंचीने लहान-मोठी घ्या, म्हणजे खुणा वेगवेगळ्या पडतील. सगळ्या खुणा जोडल्या, की जमिनीवर एक आकृती तयार होते. तिच्यात उभे असलेले मूल ड्रायव्हरला दिसत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांनी तिचे क्षेत्रफळ काढावे, आणि त्यात आपल्या वर्गातली किती मुले मावतात ते प्रत्यक्ष उभे राहून मोजावे. एका शाळेत आम्ही हे केले, तेव्हा चौथीचा सबंध वर्ग आत मावला आणि ट्रॅक्टरवाला वळून विचारत होता, "पोरं गेली कोठी?"